वाळवंटात तिरकी मावलेली खोली

जानेवारीतला शुक्रवार. सौदीतल्या तबूक शहराच्या पुढचं वाळवंट. हजर: मी, शिरीष, आमची मुग्धा आणि शिरीषच्या आई.

वाऱ्याला थंड दगडाचा वास होता. तांबूस खडकांवर उतरतं ऊन असं रेंगाळलं होतं, की गाडीतून उतरल्या उतरल्या आईंनी आपली खुर्ची तिकडे तोंड करून मांडायला लावली. गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून त्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही, त्यामुळे तंबू बाद. पण वाळवंटात एक रात्र काढल्याशिवाय साताऱ्याला परतायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आणि परतीचं विमान पुढच्याच आठवड्यात. म्हणून गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन भाड्यानं घेतली. आत पलंग, आतच न्हाणीघर.

कॅराव्हॅन लावायच्या तळावरची जागा मी घरून, रियाधहूनच राखून ठेवली होती. कॅराव्हॅनवाल्यानं कळवलेली लांबी आणि तळावरच्या जागेची लांबी ताडून, समाधानानं खूण केली होती. इथं पोचल्यावर कळलं, की ती लांबी नुसत्या खोलीची. गाडीला जोडायचा पुढचा लोखंडी दांडा तिच्यात धरलेलाच नाही. फ्लॅट घेताना कार्पेट किती, बिल्टअप किती, असं बिल्डरला भंडावून सोडणारी मी, चाकांवरच्या घराला तेवढाच प्रश्न विचारायचा विसरले होते. मागे खडक, पुढे येण्याजाण्याची वाट, डावीकडे एका सौदी कुटुंबाचा तंबू. बाकी सगळ्या जागा भरलेल्या. मावलं नाही, तर आईंना घेऊन तबूकच्या हॉटेलात परतायचं, एवढंच उरत होतं.

मोजायला पट्टी हवी, तर ती घरी फ्रीजवर राहिलेली. "मम्मी, लिस्ट में तो टिक है ना?" मुग्धानं अगदी साळसूदपणे विचारलं. आईंनी मात्र पिशवीतून धुतलेलं नऊवारी लुगडं काढलं. "हे घ्या. आणि मातीत फार लोळवू नका, उद्या नेसायचंय मला."

मग कॅराव्हॅनच्या मागच्या दिव्यापासून दांड्याच्या टोकापर्यंत लुगडं ताणलं, टोकाशी सेफ्टी पिन लावली आणि तेच जागेवर अंथरलं. पिन वाटेवर आली. शिरीष म्हणाला, "चला, हॉटेल बघतो." आई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, सरळ मावत नाही तर तिरकं घाल. लग्नघरात गाद्या कशा घालतो आपण?"

तिरकं घातलं. पिन वाटेच्या आत आली, पण लुगड्याचा मधला भाग शेजारच्या तंबूच्या दोरावरून गेला. आम्ही ओशाळून ते गोळा करू लागलो, तोच तंबूतून एक आजोबा बाहेर आले. त्यांनी लुगडं पाहिलं, कॅराव्हॅन पाहिली, मग आईंकडे बोट करून शिरीषला विचारलं, "उम्मक?" तुझी आई का? शिरीषनं मान हलवली. "मा फी मुश्किला," काही अडचण नाही, म्हणत त्यांनी खुंटी स्वतः उपटली आणि दोर ओढून एका धोंड्याला बांधला. तंबूचा तो कोपरा जरासा खाली झुकला. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. कॅराव्हॅन तिरकी मावली, तसा आईंसाठी कहवाही पाठवून दिला.

माणसाला जागा कशी मिळते? मी आजवर मानत आले, की नीट मोजलं की मिळते. किती घरं बदलली, किती देशांचे शिक्के पासपोर्टवर घेतले, आणि प्रत्येक वेळी वाटलं, की हे माझ्या आखणीचं श्रेय. आता आठवू लागले तर प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपला दोर सैल केलेला दिसतो. मोजून कळते ती असलेली जागा. नसलेली जागा होते, ती कुणीतरी सरकल्यामुळे. त्या माणसांची नोंद मी कुठे ठेवली?

रात्री पलंगावरची खिडकी उघडी ठेवून आई निजल्या. सकाळी दारात बसून, लुगड्यातली तांबडी वाळू झटकत त्यांनी फर्मावलं, "निघताना त्यांची खुंटी होती तिथं आपल्या हातानं ठोकून द्यायची. वाकलेला कोपरा ठेवून जायचं नाही."

बरोबरच आहे. पण हातोडा मी आणलेला नाही, आणि तळावर तो ज्यांच्याकडे दिसतो, ते तेच आजोबा आहेत. खुंटी अजून आमच्या पायरीशी पडून आहे.