देवाचं बोंड

रिसोडच्या शाळेत मी नवा मास्तर होतो, तेव्हा गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळाशी ती म्हातारी पहिल्यांदा पाहिली. महाशिवरात्रीला ती बेल आणि धोतऱ्याची काटेरी बोंडं विकायची. दुपार टळली की रिकामी पाटी घेऊन गाभाऱ्यात जायची आणि पिंडीवर वाहिलेली बोंडं एकेक करून परत वेचायची, देवळामागे खड्ड्यात पुरायला. ढोरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून असेल, असं मला वाटलं. विकली तेवढी मिळाल्याशिवाय ती घरी जात नसे.

मला भारी कुतूहल. देव जे डोक्यावर घेतो, ते माणसाने चाखलं तर काय दिसत असेल? त्या पहिल्याच शिवरात्रीला पिंडीवरचं एक बोंड मी हळूच कोटाच्या खिशात टाकलं.

ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मास्तर, एक बोंड कमी हाये."

"मग मला काय विचारता?"

"तुमीच कवाचे खिशात हात घालून उभे हा."

मी ते काढून तिच्या पाटीत ठेवलं. ती रागावली नाही. तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतत म्हणाली, "देवाले पचते, मानसाले नाही पचत. माह्या मालकानं परसाद म्हून खाल्लं होतं. तीन दिवस भितीसंग बोलून राह्यला होता. चवथ्या दिवशी गेला."

तो भिंतीशी काय बोलत होता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं मात्र नाही.

पुढच्या शिवरात्रीला मी तिच्यापुढे पैसा धरला. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि हातावर नुसता बेल ठेवला.