‘बोल’ म्हणेपर्यंत

फोन रशीदचाचांच्या नंबरवरून आला होता, म्हणून तो उचलून मी सवयीप्रमाणे गप्प राहिलो. पलीकडून त्यांचा मुलगा बोलला, “भैया, अब्बा गेले. पहाटे फजरची नमाज झाली न् बसल्या बसल्याच...” मी तरीही गप्प. तो “हॅलो, हॅलो” करत राहिला. वाक्याच्या शेवटी “बोल” आलं नव्हतं ना... त्याला हे कसं सांगणार? त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

चाचा उमेदीच्या काळात तेलगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर होते. तिथल्या आवाजानं डावा कान गेला, उजवा निम्मा उरला. पुढं पाटोद्यात त्यांनी वजनकाटे आणि दूध तपासायची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. दोघं एकदम बोलले की फोनवर त्यांना काहीच कळायचं नाही, म्हणून त्यांनी कायदाच केला होता. आपलं बोलणं संपलं की “बोल” म्हणायचं, आणि ते ऐकू येईपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मी चेष्टा करायचो, “चाचा, वायरलेसवर फौजदार बोलतोय असं वाटतं. बोला.” “वाटू दे बे. बोल.”

पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायचं ठरवून मी पाटोद्याला परतलो आणि त्यांच्या दुकानावरच्या माडीत राहू लागलो. गावात ओळखी होत्या, दोस्त म्हणावा असा एकही नव्हता. बापाच्या वयाचा हा माणूस तेवढा दोस्त झाला. जवळच्या एका गावातल्या दूध केंद्राचं काम आम्ही मिळून घेतलं. फॅट मोजायचं यंत्र चाचांनी बसवलेलं, त्याला सिरीयल केबलनं जोडलेला वेब प्रोग्राम माझा. महिनाभर सुरळीत चाललं. मग तिथं दूध घालणाऱ्या शेवंताकाकूंच्या म्हशीच्या दुधाला गायीइतकाच फॅट दिसायला लागला. रोज नाही, अधूनमधून. केंद्राच्या मालकानं, शेठनं, भर रांगेत विचारलं, “काकू, किती पानी घातलं ओ?” काकू कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी मुकाट्यानं कॅन उचललं आणि चालू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दूध घालणंच बंद केलं.

मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. माझ्या टेबलावर तो एकदाही चुकला नाही. मग छातीठोकपणे सांगून टाकलं, यंत्रच खराब आहे. म्हणजे चाचांचं काम खराब आहे. चाचा चार दिवस रोज सकाळी केंद्रावर जाऊन नुसते उभे राहिले. पाचव्या दिवशी धापा टाकत माडीवर आले.

“शेठ भाईर खुर्चीत बसून मोबाइलवर तुझा प्रोग्राम उघडतेत, तवाच कुनाचा ना कुनाचा घोळ होतोय. मोबाइल खिशात असला की समदं बराबर. कावून? बोल.”

मी कपाळावर हात मारला. वेब प्रोग्राममध्ये प्रत्येक विचारणाऱ्यासाठी एक थ्रेड, म्हणजे कामाचा वेगळा धागा चालतो. काउंटर आणि शेठचा मोबाइल असे दोन धागे एकाच केबलवरून यंत्राला एकदम विचारत होते. काकूंच्या दुधाचं उत्तर मोबाइल पळवायचा, आणि काउंटरच्या हाती आधीच्या गायीचा शिळा आकडा राहायचा. माझ्या टेबलावर हे दिसणार कसं? तिथं विचारणारा मी एकटाच होतो.

समजावून सांगितल्यावर चाचा लई हसले. “म्हंजी दोघं एकदम बोलतेत व्हय! मग माझा कायदा लाव की.” तोच लावला. केबलला प्रोग्राममध्ये लॉक घातलं. एकाचं विचारून, उत्तर घेऊन होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. आणि लॉक सुटलं की प्रोग्रामनं नोंदींच्या फाइलमध्ये एकच शब्द लिहायचा, “बोल”.

केंद्रावर मात्र मी सांगितलं की केबल ढिली होती. धडधडीत खोटं. चाचा शेजारीच उभे होते, पण त्यांचं बहिरेपण माझ्या पथ्यावर पडलं असं मला वाटलं. परतताना ते म्हणाले, “शेठचं सोड. काकूला तरी खरं सांग. चूक तुझी, तर तोंड बी तुझंच पायजे.” मी हो म्हणालो, आणि आज-उद्या करत राहिलो. ते जायच्या आधीच्या आठवड्यात फोन आला, “सांगितलंस का बे काकूला? बोल.” माझी मीटिंग सुरू होती. “नंतर करतो,” म्हणून मी फोन ठेवला. ‘बोला’ म्हणालोच नाही.

परवा शेवंताकाकूंच्या गोठ्यात जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हशीला पेंड घालत ऐकत होत्या. “रशीदभाई तवाच येऊन गेलते,” त्या म्हणाल्या. “हात जोडून म्हनले, बाई, चूक माझ्या मशीनची हाय, तुमचं दूध चोख हाय. म्हनून तर मी परत दूध घालाय लागले. तुजं नाव न्हाई घेतलं त्यांनी.”

म्हणजे काकूंवरचा आळ कधीच मिटला होता. तरी ते मला विचारत राहिले... माझ्यासाठी. मला भर गोठ्यात रडू आलं.

खाली दुकान आता बंद असतं. कधी कधी दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघत नाही. सकाळी दूध यायच्या वेळेला मी नोंदींची फाइल उघडून बसतो. एकेक कॅन रिकामं होतं तशी एकेक ओळ उमटते. बोल. बोल. बोल. काल त्या ओळींकडं बघत मी मोठ्यानं म्हणालो, “सांगितलं, चाचा.” आणि मग आठवणीनं, “बोला.”

बराच वेळ थांबलो. पुढची ओळ आली नाही. रांग संपली होती.