बेटावरची कुंकवाची डबी

सर्जापूर रोडच्या पलीकडे एक तलाव आहे, तलावात बेट आणि बेटावर जुना बंगला. तिथवर होडी नेणारे निपाणीकडचे अण्णा. नाव मी कधी विचारलं नाही. माणूस भारी बडबड्या. बंगला बांधून वर्षाच्या आत मालक कसे वारले आणि त्यांची कोवळी बायको, म्हणजे अम्मा, उरलेला जन्म त्या बेटावर एकटी कशी राहिली, हे ते दर खेपेला नव्याने सांगत. निघताना उंबऱ्यावर प्रत्येक बाईपुढे कुंकवाची डबी धरत. "अम्माच्या घरातनं तसंच जायचं नाही, अक्का." माझा नवरा हसून म्हणे, "लाव बाई, नाहीतर होडी सोडणार नाहीत."

यंदा, तो गेल्यावर, मी एकटीच गेले. अण्णांनी माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं आणि या खेपेला अम्माची गोष्ट काढलीच नाही. निघताना उंबऱ्याशी माझे पाय अडखळले. डबी पुढे आलीच.

"मला नको, अण्णा."

"घ्या. मालक गेल्यावर अम्मालाही कुणी दिलं नाही. म्हणून तर मी देतोय."

मी चिमूट घेतली, पण हात कपाळापर्यंत जाईना. होडीत ती मुठीतच राहिली. काठ आला की अण्णांची एरवी कानडीमिश्रित घाई असे, "सरी, झालं, उतरा, स्वल्प, जरा सांभाळून." त्या दिवशी माझे डोळे वाहताना पाहून त्यांनी काठाला आलेली होडी पुन्हा तलावात वळवली, आणि माझं रडून होईपर्यंत वल्हवत राहिले.