तारांवरचं कुंकू
टाकी भरली की आमच्या गच्चीवरचा अलार्म किंचाळतो आणि मला अजून शाळेतला तो दिवस आठवतो. मी सातवीत होते. मल्लेश्वरमच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि मी अगदी असाच अलार्म केला होता. ग्लासात सोडलेल्या दोन उघड्या तांब्याच्या तारा, त्यांना पाणी लागलं की बझर वाजणार. घरी कितीदा तरी वाजवून पाहिला होता. परीक्षक बाई आल्या, ‘सरी, तोरसम्मा,’ म्हणाल्या, म्हणजे कानडीत ‘बरं, दाखव बघू.’ मी पाणी ओतलं. आवाज नाही. काठापर्यंत ओतलं, तरी नाही. मग तारांच्या टोकांना लाल काहीतरी दिसलं. सकाळी देवापुढे ठेवलेल्या अलार्मला आईनं तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं, तेही नेमकं तिथे. मी रुमाल काढला, पण हात पुढे होईना. कुंकू पुसणं हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी उच्चारत नसे, आणि बाबा त्या आठवड्यात दवाखान्यात होते. माझ्यासोबत प्रदर्शनाला आलेल्या आईनं शेजारून माझ्याकडे पाहिलं. ‘सर बाजूला,’ म्हणाली, आणि डोळे मिटून पदरानं दोन्ही तारा खसाखसा पुसल्या. बझर असा कोकलला की बाई दचकून मागे सरल्या. आई हसली नाही. निकालाला न थांबता तिनं मला बसमध्ये बसवलं आणि दवाखान्यापर्यंत काहीतरी पुटपुटत राहिली. वॉर्डात बाबा उठून बसले होते, इडली खात. आई दारातच खाली बसली. आता दसऱ्याला गच्चीवरच्या अलार्मला कुंकू मीच लावते, पण तारांपासून चांगलं वीतभर लांब.