मेंढरं बसायची जागा

"यांना कुणी सांगितलंच न्हाई व्हय?" चुलती हळूच काकाला म्हणाली.

आमच्या घरासमोरच्या पत्र्याच्या कुंपणाबाहेर मेंढपाळ बाई घोड्याचा लगाम धरून उभी होती. घोड्यावर भांडी, मेंढरांभोवती लावायची जाळी आणि पोत्यातून माना बाहेर काढलेली दोन कोकरं. दरवर्षी बाजरी निघाली की त्यांचा कळप चऱ्होलीच्या आमच्या रानात आठवडाभर बसायचा. खत आम्हाला, धान्य त्यांना. बायका घोडी घेऊन पुढे यायच्या, जाळी लावून ठेवायच्या. कळप मागून यायचा. आजोबांनी 'या' म्हटलं की झालं.

आजोबा उन्हाळ्यात गेले. त्यानंतर रान विकलं. आता तिथे सॅम्पल फ्लॅट आहे.

आबा गेले हे कळल्यावर बाईने हात जोडले. मग म्हणाली, "पण दादा, मी म्हैन्यामागं फोन केलता. 'या' म्हणलं की तुमच्यातलंच कुणीतरी."

"कोण म्हणालं? आबा वरनं बोलले का?" काका हसला. "आमच्यात कुणी फोन घेतला न्हाई. उगा कायतरी सांगू नका, मावशी."

"धनी मेंढरं घेऊन चाकणच्या रस्त्यानं निघालाय. तिथं ह्ये मोठाले कंटेनर. त्यो नगं म्हणत हुता, मीच वळवलं, जागा हाय म्हणून. आता त्याला काय सांगू?"

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात साइटचा वॉचमन आला आणि घोडा हलवा म्हणाला.

मी घराच्या दारात उभी होते. आजोबांचा फोन महिनाभरापूर्वी माझ्याच टेबलावर वाजला होता. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे, रानातल्या माणसांशी मला कधी धड बोलता आलं नाही. "आबा हायेत का?" असं तिने विचारलं, तेव्हा ते वारले हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी नुसतं "हो" म्हटलं. तिने विचारलं, "यावं का मग?" मी "या" म्हणून फोन ठेवला आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही.

"मावशी, खोटं पचत न्हाई," काका म्हणाला.

 बाई कोकरांची पोती आवळत होती, कुठे जायचं हे न ठरताच.

"काका, त्या खरं बोलतायत," मी म्हणाले. "फोन मी घेतला होता. 'या' मीच म्हटलं होतं."