नायजेरियाच्या पोरी आणि आमची एक

निकाल वाटून झाला, तरी सातवीच्या पोट्ट्या घरी जाईनात. आमच्या लहानशा शाळेची मुख्याध्यापिका मीच, शिपाईही बऱ्याचदा मीच, आणि राग तर माझ्या नाकावरच. म्हटलं, बसताच आहात तर कामाला लागा. भूगोलाच्या एका तक्त्यात नायजेरिया आणि घाना या दोन देशांतल्या शाळेच्या वयाच्या मुलींचे आकडे होते. एक तुरीचा दाणा म्हणजे लाखभर मुली. मांडा व्हरांड्यात दोन रांगा आणि सांगा, कोणाकडे जास्त.

पोट्ट्यांना भारी मजा आली. घाना दारापाशीच संपला. नायजेरिया काही थांबेना, व्हरांडा ओलांडून पाण्याच्या टाकीकडे निघाला.

"बापा बापा! एवढ्याइले डबे कोण बांधून देत असन?" एकीने विचारलं, आणि सगळ्या खिदळल्या.

मी मोजलं तर दोन्ही रांगांत दाणे जास्तच. चोर लगेच सापडला. एका भाजीवाल्याची पोरगी दर दहा दाण्यांमागे एक दाणा वर टाकत होती. त्यांच्याकडे मेथीच्या जुड्या अशाच मोजतात. दहा झाल्या की वरून एक, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

"अगं, पोरी आहेत त्या, मेथी नाही!" मी ओरडले.

एरवी ती सगळ्यांत आधी हसली असती. आज तिने जास्तीचे दाणे मुकाट्याने वेचले.

"बाई, शाळेच्या वयाच्या म्हंजे शाळेत जाणाऱ्याच काय?"

"हो, तेच की," मी ठोकून दिलं.

"तेच कसं? पुढच्या साली मी वयाची राहीन, पन शाळेत नाई राहीन. मंग मले मोजान का नाई?"

मी तक्ता पुन्हा वाचला. त्यात फक्त वय मोजलं होतं. शाळेत किती जातात, हे कुठेच नव्हतं. इतकी वर्षं शिकवून मी धडधडीत चूक सांगितली होती. लाज वाटली मला, खरंच.

नेमका तिचा बाप तेव्हाच दारात आला. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता त्याला. आमची शाळा सातवीपर्यंत, आठवीला मालेगाव. पण एकट्या पोरीला एसटीत बसवायचं नाही आणि मळ्यात भाजी तोडायला हात पाहिजेत, हे त्याचं पालुपद. दाखला आपला घरात असावा, कधी कामी येतो, म्हणून. त्या आठवड्यात मी त्याच्याशी दोनदा भांडले होते.

त्याने पोरीचं बोलणं ऐकलं होतं. चप्पल काढून तो रांगेपाशी उकिडवा बसला.

"ह्या इतल्या साऱ्या पोट्ट्या?"

"हो."

"अन् शाळेत किती जातेत?"

"ते यात लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "आपल्या गावचा तक्ता केला, तर तुमची पोरगीही नुसती वयातच धरावी लागेल."

तो टाकीपर्यंत बघत राहिला. मग उठला.

"दाखला द्या बाई."

माझं डोकंच फिरलं. "देते! न्या, अन् पेटीत ठेवून पूजा करा त्याची!"

"पेटीत कायले?" तो म्हणाला. "मालेगावच्या शाळेत मांगतीन ना. मी रोज भाजी घेऊन जातोच तिकडं. पोट्टीही बसन गाडीत. तोडनीचं मी पाहीन."

मी टेबलाशी बसले. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात 'पुढील शिक्षणासाठी' असं लिहिलं आणि दाखला बापाच्या नाही, पोरीच्या हातात दिला.