रोवणीला उतरलेले पहिले पाऊल

एटापल्ली तालुक्यातील ज्या गावी मी अध्यापन करीत असे, तेथे माझ्या खोलीसमोर एका विधवेची बांधी, म्हणजे भाताचे खाचर, होती. तिच्या पतीला पोलिसांचा खबऱ्या ठरवून जंगलातील सशस्त्र माणसांनी मारले होते. तो खबऱ्या नव्हता, असे सारे गाव मनात म्हणे. मुखाने कोणी उच्चारीत नसे.

आषाढ सरत आला. गावातील बायका एकमेकींच्या बांधीत पाळीपाळीने रोवणी, म्हणजे भातरोपांची लावणी, करीत; हिच्या बांधीत मात्र कोणी उतरेना. जी जाईल तिच्या घरावरही जंगलातल्यांचा संशय येईल, हे भय. भाताची रोपे जून होऊ लागली होती. आणखी चार दिवस गेले असते, तर वर्षाचे अन्न गेले असते.

प्रातःकाळच्या पूजेत मी तिच्यासाठी प्रार्थना करी. एकदा प्रसादासोबत पायलीभर तांदूळ घेऊन गेले.

"ठेवा, बाई," ती म्हणाली. "पण मले तांदूळ नाई, हात पाहिजेत."

तांदूळ ठेवून मी परतले. भय मलाही होतेच.

दुसऱ्या सकाळी बांधावर गावातीलच एक प्रौढ स्त्री आली. तिची कन्या त्याच सशस्त्र माणसांत सामील झालेली. लुगडे खोचून ती सरळ चिखलात उतरली.

वाकून रोवणारी विधवा ताठ झाली. "तू काऊन आली?"

"मायी पोरगी तिकडं आहे. मी उतरली तं मले खबरी कोण म्हणन? मंग बाकीच्या बी येतीन."

"त्या दिवशी तुयी पोरगी होती का त्याईच्यात?"

"मले माहीत नाई." लुगड्याचा खोचा घट्ट करीत ती म्हणाली, "असन बी."

मी खिडकीत उभी होते. हातातील जपमाळ थांबली. विधवेने रोपांची एक पेंडी उचलून त्या आईच्या पुढ्यात टाकली.

"ओळ सरळ धर. मागच्या साली तुयी बांधी पाह्यली म्या. सापावानी वाकडी."

दुपारपर्यंत सहा-सात जणी आल्या. मीही बांधावर चपला काढल्या. मी लावलेली रोपे त्यांनी हसत हसत उपटून पुन्हा लावली. तो पायलीभर तांदूळ सर्वांसाठी शिजला. जेवताना मात्र त्या दोघी शेजारी बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळी त्या आईच्या बांधीची होती. मी पोहोचले तेव्हा विधवा आधीच तेथे चिखलात उभी होती.